पंधरवडा आणि चौथ्या मजल्यावरची टाकी

त्याला सगळं गाव पंधरवडा म्हणायचं. खरं नाव होतं, पण ते कागदोपत्रीच राहिलं. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून घटकाभर बुचकळ्यात पडायचा आणि मग "अरे, हा तर आपला पंधरवडा" म्हणत बरोबर त्याच्या दुकानात यायचा. धंद्याने तो प्लंबर. बाजाराच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराचं दुकान, भिंतीला टेकवलेले पाइप, फळीवर सॉकेट, एल्बो, वॉशर असले डबे, आणि काउंटरच्या मागे खिळ्याला टांगलेली एक हिरवी पिशवी. त्या पिशवीत वर्दी असायची. नाव पडलं ते तिच्यामुळेच.

तो राखीव दलात होता. म्हणजे वर्षातले पन्नास आठवडे लोकांचे गळके नळ बघायचे आणि उरलेले दोन आठवडे छावणीत जाऊन सैनिक व्हायचं. संकट आलं की सरकार बोलावणार, अशी बोली. बावीस वर्षांत सरकारने एकदाही बोलावलं नव्हतं. छावणीत तो पाणी-तुकडीत होता. ट्रकवर बसवलेलं एक मोठं यंत्र होतं. एका तोंडाने डबक्यातलं गढूळ पाणी ओढायचं आणि दुसऱ्या तोंडाने पिण्याजोगं पाणी द्यायचं. होज, म्हणजे जाड रबरी नळे, उलगडायचे, त्यांच्या टोकांची आट्यांची कपलिंग जोडायची, पंप सुरू करायचा, टाकी भरायची. पुस्तकाप्रमाणे या सगळ्याला चौदा मिनिटं लागत. त्याच्या तुकडीचा विक्रम अकरा मिनिटांचा होता आणि तो विक्रम गावातल्या प्रत्येकाने किमान दोनदा ऐकला होता.

हे पंधरवडा नाव ठेवलं लेथवाल्याने. लेथवाला म्हणजे वरच्या चढावर ज्याचं लोखंड-पितळ कातायचं वर्कशॉप आहे तो. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे एकमेकांची खोड काढणं हा दोघांचाही जन्मसिद्ध हक्क. पहिल्या वर्षी हा छावणीतून केस कापून, छाती काढून परत आला तेव्हा लेथवाल्याने भर चौकात विचारलं होतं, "काय रे, शत्रूला कळवलंस का, की बाबा, उरलेले पन्नास आठवडे सुट्टी आहे म्हणून?" चौक हसला, आणि त्या दिवसापासून हा पंधरवडा झाला. तो वरवर हसायचा. आतून मात्र दरवर्षी थोडं लागायचंच. बावीस वर्षं रोज थोडं थोडं गळणाऱ्या नळाखाली किती मोठी बादली भरते, हे प्लंबरला सांगायला नको.

घरीही फार कौतुक नव्हतं. छावणीहून आल्यावर पहिला आठवडाभर तो जेवणाच्या ताटांनासुद्धा रांगेत लावायचा. बायको एक दिवस बघायची, दोन दिवस बघायची आणि तिसऱ्या दिवशी म्हणायची, "अहो, इथली कमांडर मी आहे. वर्दी धुवायला टाका आणि दळण आणा."

फक्त ताई तेवढी मनावर घ्यायची. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हा सहा वर्षांचा होता. त्याच्या नाकाला रुमाल लावण्यापासून त्याचं लग्न जमवण्यापर्यंत सगळं ताईने केलं. छावणीहून आला की पहिल्या संध्याकाळी तो तिच्याकडे जायचा. ती त्याला समोर बसवायची, चहा द्यायची आणि विचारायची, "हं, यंदा काय शिकलास?" आणि तो अगदी इयत्ता दुसरीतल्यासारखा सगळं सांगायचा. नवीन गाळणी, नवीन पंप, पाण्यात क्लोरीन किती आणि कसं तपासायचं. तिला त्यातलं निम्मं कळत नसे, पण ती कधी मध्येच उठून गेली नाही.

तीन वर्षांपूर्वी ताईच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यातून तीनदा, गावच्या हॉस्पिटलात चार चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यायचं, हाच तिचा दिनक्रम. त्या यंत्राला किती पाणी लागतं याची लोकांना कल्पना नसते. एका माणसाच्या एका खेपेला पिंपंच्या पिंपं, आणि तेही स्वच्छ, बंद नळीतून आलेलं. पंधरवड्याला मात्र चांगली कल्पना होती. कारण आठ वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरच्या टाकीपर्यंत पाइप त्यानेच चढवला होता.

त्या वर्षी पंधरवडा बावन्न वर्षांचा झाला. राखीव दलातलं ते त्याचं शेवटचं वर्ष. पाच महिन्यांनी वर्दी परत करायची, सही करायची, संपलं. आणि नेमकं तेव्हाच, शनिवारी पहाटे, नदी गावात शिरली.

वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस कोसळला होता आणि नदीने एका रात्रीत सगळा हिशेब चुकता केला. खालची आळी कमरेएवढ्या पाण्यात गेली. मोठ्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा पूल खचला. पाणीपुरवठ्याचं पंपघर बुडालं आणि गावाचे सगळे नळ एकदम कोरडे पडले. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. रविवारी राखीव दलाचं बोलावणं आलं. बावीस वर्षांत पहिलंच. पंधरवड्याने खिळ्यावरची पिशवी काढली आणि तडक घर गाठलं. बायकोने वर्दीची सुटलेली गुंडी शिवून दिली. एवढंच म्हणाली, "ताईंचा सोमवार आला उद्या."

सोमवार आला आणि गेला. हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरची, गच्चीतली टाकी शनिवारीच संपली होती. तळघरातली टाकी होती, पण तिच्यात पुराचा चिखल शिरलेला आणि तिथला पंपही बुडालेला. ताई शुक्रवारनंतर यंत्रावर चढलीच नव्हती. तिचे पाय सुजले होते, आणि दोन वाक्यं बोलली की मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. तिच्यासारखे आणखी दहा जण होते. आभाळ उघडल्याशिवाय हेलिकॉप्टर येणार नव्हतं. मंगळवारी सकाळी दहाला छावणीहून टेकडीच्या वाटेने यंत्राचा ट्रक येणार होता, आणि त्याच्यावर सगळ्यांची आशा होती.

ट्रक येईपर्यंत पंधरवड्याला शाळेच्या फाटकात टेबल टाकून बसवलं होतं. मदतीला येणाऱ्या गावकऱ्यांची नोंद करायची होती. तुकडीची प्रमुख होती एक तरुण कॅप्टनबाई. तीही राखीवच, एरवी याच शाळेत गणित शिकवायची. तिने त्याच्या हातात फॉर्मचा गठ्ठा दिला. फॉर्म छावणीतलाच, भरतीसाठी वापरायचे तो. त्यात नाव होतं, वय होतं, उंची होती, छाती होती, रक्तगट होता, एवढंच काय, बुटाचं मापसुद्धा होतं. माणूस काय काम करतो, याला मात्र रकाना नव्हता.

पंधरवड्याने भिंतीवर खडूने तीन नियम लिहिले. एक, रांगेत उभं राहायचं. दोन, सांगितलेलंच काम करायचं. तीन, पायात बंद बूट हवेत. चिखलात खिळे आहेत, पत्रे आहेत. नियम काही वाईट नव्हते. सात वाजता रांग लागली आणि त्याच्या आवाजाला जी धार चढली, ती त्याची त्यालाच आवडली. पुढचा! नाव! उंची! हे घ्या फावडं. पुढचा!

आठच्या सुमारास रांगेत लेथवाला दिसला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोळे तांबारलेले, पण जीभ जागेवर. टेबलाशी येऊन त्याने कडक सलाम ठोकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय पंधरवड्या, शेवटी लागली बाबा तुझी लढाई! बोल, कुणाला मारायचं?"

रांग हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच हसली असेल. पण पंधरवड्याच्या कानशिलात बावीस वर्षांची बादली एकदम भरून आली. त्याने मान खाली घातली आणि त्याला लेथवाल्याचे पाय दिसले. रबरी चपला.

"नियम तीन," तो म्हणाला. "बंद बूट नाहीत. प्रवेश नाही."

"अरे, पण ऐक तर..."

"पुढचा!"

लेथवाल्याचं हसू विझलं. तो वळला आणि चढाच्या दिशेने चालू लागला. त्याच्या मागे रांगेत आणखी सात-आठ जण चपला घालून आलेले होते. तेही एकमेकांकडे बघत निघून गेले. पंधरवड्याला वाटलं, शिस्त ती शिस्त.

दहाला ट्रक आला. हॉस्पिटलच्या मागेच जुना तलाव आहे. तो उंचावर असल्यामुळे पुराचं पाणी त्याच्यात आलं नव्हतं. ट्रक तलावाच्या काठी लागला. तिथून हॉस्पिटलच्या भिंतीपर्यंत दोनशे मीटर होज टाकायचा होता. फावडी घेऊन उभ्या असलेल्या लोकांनी तो खांद्यावर घेतला, मध्ये पडलेलं झाड बाजूला केलं, आणि अकरा नाही तरी वीस मिनिटांत होज भिंतीशी पोचला. पंप सुरू झाला. गाळणीतून पाणी आलं. डायलिसिसच्या खोलीतली सिस्टर, म्हणजे ती यंत्रं सांभाळणारी नर्स, स्वतः खाली आली. तिने बाटलीत पाणी घेऊन तपासलं आणि म्हणाली, "पाणी चांगलं आहे. आता वर पोचवा."

भिंतीला लागून जाड पाइप चौथ्या मजल्यावर जात होता. त्याचं तोंड जमिनीपासून हातभर उंचीवर. पंधरवडा होजचं टोक घेऊन खाली बसला. होजचं कपलिंग पाइपाच्या तोंडावर ठेवलं आणि फिरवलं. ते फिरेना. पुन्हा ठेवलं, पुन्हा फिरवलं. आटे आट्यांत बसतच नव्हते. होज छावणीच्या मापाचा, पाइप बाजारातल्या मापाचा. छावणीत छावणीचा होज छावणीच्या टाकीला जोडायचा असे. बावीस वर्षांत कुणी तो छावणीबाहेरच्या पाइपाला लावून बघितला नव्हता.

त्याने रबराची ट्यूब गुंडाळली, वर तार आवळली, क्लॅम्प मारला. "सोडा पाणी," म्हणाला. पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढल्याचा आवाज आला, दुसऱ्या मजल्यापर्यंत आला, आणि मग सगळं बांधकाम फाट्कन सुटून पंधरवडा नखशिखान्त भिजला. पुन्हा बांधलं. पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा क्लॅम्पच तुटला.

"बादल्यांनी नेऊ या का वर?" कुणीतरी म्हणालं.

"संडासाला न्या, फरशी धुवायला न्या, तेही हवंच आहे," सिस्टर म्हणाली. "पण वीस जणांच्या हातून गेलेलं उघडं पाणी मी माणसाच्या रक्ताजवळ नेणार नाही. आणि ते पुरणारही नाही." मग पंधरवड्याला बाजूला घेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "सहापर्यंत टाकीत पाणी हवं. यंत्रं धुवायलाच तास जातो. वर आणून ठेवलेल्या तिघांची अवस्था मला बरी दिसत नाही. त्यांची उद्याची सकाळ मी सांगू शकत नाही."

"त्या तिघांत..."

"तुमच्या ताई आहेत."

पंधरवडा तिथेच चिखलात बसला. कॅप्टनबाई आली, तिने होज बघितला, पाइप बघितला, आणि वर्गात फळ्यावर चुकलेलं गणित बघावं तशी शांतपणे विचारू लागली.

"मामा, हा पाइप कुणी बसवला?"

"मीच."

"आणि आपल्या होजचं कपलिंग इतकी वर्षं कोण लावतंय?"

"मीच."

"मग ही दोन तोंडं एकमेकांना बसत नाहीत, हे अख्ख्या जगात किती जणांना आधीच माहीत असायला हवं होतं?"

पंधरवड्याने हातातलं होजचं टोक खाली ठेवलं. "एकाला," तो म्हणाला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. वर्दी चढवली की हा माणूस प्लंबर आहे हे विसरायचा आणि वर्दी उतरवली की सैनिक आहे हे. वर्षातून एकदा कपडे बदलताना दोघं एकमेकांना भेटत, पण कधी बोलले म्हणून नाहीत. त्याला हसायचं असेल तर हसा. मला मात्र त्या क्षणी त्याची फार दया येते.

"आता रडून काय होणार?" कॅप्टनबाई म्हणाली. "प्लंबर म्हणून सांगा. काय हवं?"

आणि वर्दीतला प्लंबर पहिल्यांदाच बोलला. "एका बाजूला आपले आटे, दुसऱ्या बाजूला बाजारचे आटे, असं पितळेचं कडं. बाजारात मिळायचं नाही. लेथवर पाडून घ्यावं लागेल."

"आणि गावात लेथ कुणाकडे आहे?"

आता त्याला कॅप्टनबाईच्या नजरेला नजर देता येईना. "आहे एक जण," तो म्हणाला. "सकाळी आला होता. मी परत पाठवला. चपला होत्या त्याच्या पायात."

कॅप्टनबाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "नियम बरोबर होता, मामा. चिखलात उतरायला बूट हवेतच. पण आज गावात कामं काय फक्त चिखलातलीच आहेत?"

पंधरवडा चढ चढायला लागला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. हातात होजचं सुटं कपलिंग, आणि खिशात पाइपाच्या तोंडाचं कागदावर उतरवलेलं माप. वाटेत काय बोलायचं याची त्याने तालीम केली. वर्कशॉपच्या दाराशी पोचला आणि तालीम विसरला. आत लेथच्या शेजारी जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. लेथवाल्याची बायको स्टोव्हवर कसलंसं पातेलं ठेवून बसली होती. दोरीवर ओले कपडे, कोपऱ्यात एक कपाट आडवं पडलेलं, त्याला गुडघाभर चिखल. लेथवाल्याचं घर खालच्या आळीत होतं. पंधरवड्याला हे माहीत होतं. सकाळी ते आठवलं नव्हतं, एवढंच.

"वहिनी, घर..."

"गेलं पाण्यात. भिंती आहेत," ती म्हणाली. "बसा. चहा बिनदुधाचा आहे."

लेथवाला स्टुलावर बसून एका फडक्याने चिमटा पुसत होता. त्याने वर बघितलं नाही. "काय आहे? बूट तपासायला आलास? नदीत गेले. जाऊन विचार तिला, कितव्या नंबरचे होते ते."

पंधरवडा उभाच राहिला. "चुकलो," तो म्हणाला. "तू सगळ्यांसमोर पंधरवडा म्हणालास, म्हणून मी नियम काढला. नियम खरा होता, पण मी तो तुझ्यावर काढला. ताई मरेल रे."

त्याने कपलिंग पुढे केलं आणि सगळं सांगितलं. लेथवाल्याने कपलिंग हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याच्या नखाने आटे मोजले.

"अडला हरी, गाढवाचे पाय धरी," तो म्हणाला.

"तू नाहीस गाढव. गाढव मी."

"ते ठरलेलंच आहे. मी आपलं पाय कुठे आहेत ते बघत होतो." मग तो उठला. "ताईने मला चौथीत गणिताच्या पेपरला स्वतःची पेन्सिल दिली होती. तुला माहीतही नसेल. पितळ आहे माझ्याकडे. दीड तासाचं काम. पण लेथ काय फुंकरीने फिरवू? लाइट कुठे आहे?"

हा नवा डोंगर. गावात वीज शनिवारपासून नव्हती. हॉस्पिटलचा एकुलता एक जनरेटर हलवता येत नव्हता. पंधरवडा धावत शाळेत आला आणि फॉर्मचा गठ्ठा उपसू लागला. एकशे चाळीस माणसांची उंची त्याला ठाऊक होती आणि एकशे चाळीस माणसांच्या बुटांचं माप. कुणाकडे जनरेटर आहे हे एकाही कागदावर नव्हतं.

मग त्याने सकाळी करायला हवं होतं ते केलं. शाळेच्या पटांगणात जाऊन तो ओरडला, पण या वेळी त्या ओरडण्यात धार नव्हती. "अहो मंडळी, तुम्ही एरवी काय काम करता, ते सांगा हो मला! कुणाकडे जनरेटर आहे का?"

पटांगणात फावड्याने चिखल ओढत असलेला एक जाडा माणूस थांबला. "माझा बर्फाचा कारखाना आहे," तो म्हणाला. "मोठा जनरेटर आहे, चाकांवरचा. सकाळी तुम्ही विचारलंच नाहीत. उंची विचारलीत."

त्यानंतरचं काम पंधरवड्याने केलंच नाही, लोकांनी केलं. तो फक्त विचारत गेला आणि लिहीत गेला. बर्फवाल्याचा जनरेटर सहा जणांनी ढकलत चढावर नेला. चपलांमुळे परत पाठवलेल्यांना घरोघरी जाऊन बोलावलं. त्यांतली एक टेलिफोनच्या कचेरीत कामाला होती; तिने घरीच अडकलेल्या बाकीच्या आठ पेशंटची घरं कुठे आणि वाट कशी ते शोधून काढलं. एक जण आयुष्यभर घरसामान हलवणारा हमाल होता. आजारी माणसाला खुर्चीवर बसवून अरुंद जिन्यावरून कसं उतरवायचं, हे त्याने बाकीच्यांना पाच मिनिटांत शिकवलं. बूटवाल्यांनी चिखलातून खुर्च्या वाहिल्या. चपलावाल्यांनी कोरड्या व्हरांड्यात पेशंट उतरवून घेतले, त्यांचे पाय पुसले, अंगावर कोरड्या चादरी घातल्या. कॅप्टनबाई लांबून बघत होती. तिने फॉर्मच्या गठ्ठ्यावर पेनने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'काम'.

वर्कशॉपमध्ये लेथ फिरायला लागला होता. पितळेचा सोनेरी कीस लेथवाल्याच्या चपलांवर पडत होता. पहिलं कडं चुकलं. आटे एका बाजूला बारीक पडले. लेथवाल्याने एक कचकचीत शिवी हासडली, बायकोने "अहो" म्हटलं, आणि त्याने दुसरा तुकडा लेथच्या पकडीत बसवला. चार वाजून दहा मिनिटांनी, पंधरवडा पुन्हा वर येऊन उभा होता तेव्हा, त्याने कडं काढलं, तेल लावलं, पंधरवड्याचं कपलिंग त्यावर फिरवलं. ते शेवटच्या आट्यापर्यंत गुपचूप बसलं. मग त्याने कडं परत घेतलं, खण उघडला आणि अंक ठोकायचे पंच काढले.

"अरे, वेळ कुठे आहे?"

"मालावर नंबर मारल्याशिवाय माझ्या दुकानातून काही बाहेर जात नाही. तुझे नियम तसे माझे नियम." ठाक, ठाक. कड्याच्या कडेवर त्याने पंधराचा आकडा उठवला आणि कडं पुढे केलं. पंधरवडा त्याच्याकडे बघत राहिला आणि मग दोघंही, पन्नाशी उलटलेले दोन बाप्ये, खदाखदा हसले. हसताना पंधरवड्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं.

पाच वाजायच्या आत कडं पाइपाच्या तोंडावर होतं. पंधरवड्याने होज जोडला. लेथवाला शेजारी चपला घालूनच उभा. "सोडा पाणी." पहिला मजला. दुसरा. कड्याभोवती एक थेंब जमला, पंधरवड्याने पान्याने अर्धा वेढा दिला, थेंब थांबला. तिसरा मजला. भिंतीशी जमलेले सगळे माना वर करून उभे होते. आणि मग गच्चीवरून सिस्टरचा आवाज आला, "आलं! टाकीत पडतंय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंधरवडा मात्र कड्यावर हात ठेवून तसाच बसला होता. आतून पाणी जाताना पितळ गार पडत होतं, तो गारवा त्याला सोडवेना.

साडेसहाला ताईला यंत्राला जोडलं. त्याला आठ वाजेपर्यंत आत जाऊ दिलं नाही. गेला तेव्हा ती डोळे मिटून पडली होती, पण श्वास शांत होता, आणि ओठांचा निळेपणा गेला होता. शेजारच्या खाटांवर बाकीचे होते. काहींची पाळी पुढची होती, ते खुर्च्यांवर बसून गप्पा मारत होते. सगळे अकराच्या अकरा. दाराबाहेर व्हरांड्यात लेथवाला आणि बर्फवाला कुठल्याशा जुन्या सामन्यावरून वाद घालत होते.

पंधरवडा खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. वर्दीवर चिखल वाळून पोपडे धरले होते. पाच महिन्यांनी ही वर्दी परत करायची होती. आता त्याला त्याचं फारसं वाटत नव्हतं. बुधवारी सकाळी शाळेत नव्या रकान्याचे फॉर्म भरायचे होते, आणि लेथवाला म्हणत होता की शाळेची टाकी, बेकरीची टाकी, गावातल्या प्रत्येक टाकीच्या मापाचं एकेक कडं पाडून ठेवू. या सगळ्याला वर्दी लागत नव्हती.

ताईने डोळे उघडले. त्याला ओळखायला तिला क्षणभर लागला. मग तिने सुई नसलेला हात हळूच उचलला आणि त्याच्या बाहीवरचा चिखलाचा एक पोपडा नखाने काढला.

"छावणीहून आलास?"

"हो."

"हं," ती म्हणाली. थांबून श्वास घ्यावा लागला नाही तिला. "यंदा काय शिकलास?"

दरवर्षी तो लांबलचक सांगायचा. गाळण्या, पंप, क्लोरीन, मिनिटं. आज त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"चपला घालून आलेल्याला परत पाठवायचं नाही, ताई," तो म्हणाला. "आधी विचारायचं, बाबा रे, तू काय करतोस."